धक्क्यावरची सात मिनिटं

माझ्यात एक वाईट खोड आहे. समोरच्याचं वाक्य मी पुरं होऊ देत नाही. कुणी "काल मी भाजी आणायला" एवढं म्हणालं की "गेलात आणि पिशवीच विसरलात" हे मी सांगून मोकळी होते. लहानपणी आई ओरडायची, "अगं, बोलू दे की त्यांना! कुठे आग लागलीये?" नवरा तर आता वाक्य सुरू करतानाच चौकातल्या पोलिसासारखा हात वर करतो. आणि ही असली बाई पोटापाण्यासाठी काय करते, तर दुभाष्याचं काम. म्हणजे लोक बोलायचे थांबेपर्यंत गप्प बसायचं आणि मग त्यांचं बोलणं दुसऱ्या भाषेत सांगायचं. हसा, हसा. बरीच वर्षं मीही हसत होते.

जपानी मी पुण्यात शिकले. त्यात थोर ओढबिढ काही नव्हती. बी.एस्सी.नंतर जर्मनच्या क्लासला नाव घालायला गेले, तर ती बॅच भरलेली. शेजारच्या खोलीत जपानीची चालू होत होती, तिथे जागा होती. पहिल्याच महिन्यात शोध लागला की ही भाषा आपल्यासारखीच क्रियापद शेवटी टाकते. "मी उद्या आईबरोबर बाजारात जाणार" हे त्याच क्रमानं, शब्दामागे शब्द ठेवून जपानीत सांगता येतं. तेव्हापासून माझी एक पद्धत पडली. जपानी कानात शिरली की डोक्यात आधी तिची मराठी होते आणि मग तोंडातून इंग्रजी बाहेर पडते. हा मधला मराठी थांबा मी कुणाला कधी सांगितला नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? काम झटपट व्हायचं, लोक वाहवा करायचे.

त्या जोरावर आधी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत यंत्रांची जपानी माहितीपुस्तकं उपसली, मग व्हिडिओ गेम्समधले संवाद, आणि शेवटी वर्क व्हिसावर इथे आले. सिएटलजवळ बॉथेलला, एका गेम स्टुडिओत. मुलगी इथलीच. आता अकरा वर्षांची आहे, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते आणि मला गेममधलं काही कळत नाही असं तिचं ठाम मत आहे.

स्टुडिओनं जपानहून एक दिग्दर्शक आणला. साठीला टेकलेले, बारीक अंगाचे, पांढरे केस डोक्यावर ताठ उभे. दिग्दर्शकाला जपानीत 'कांतोकु' म्हणतात. मी त्यांना तेच म्हणायचे. टीममधल्या अमेरिकन पोरांनीही तो शब्द हौसेनं उचलला, पण त्यांच्या तोंडून तो 'केंटकी' असा यायचा. कांतोकु दर वेळी मान लववून "हाय" म्हणायचे. जपानीत 'हाय' म्हणजे हो. पोरांना वाटायचं, काय मनमोकळा माणूस आहे, दिवसातून वीसदा हाय करतो!

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं एका टेबलावर बसायचो. त्यांचा भाताचा डबा आणि माझी पोळीभाजी. तिथे त्यांनी मला आपली सगळी कारकीर्द थोडी थोडी करून सांगितली. बाविसाव्या वर्षी ते कंपनीत लागले तेव्हा गेममधली चित्रं आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून काढत. पहिली तीन वर्षं त्यांना फक्त पाणी काढायला दिलं होतं. नदी, विहीर, बादली, डबकं.

"तीन वर्षं नुसतं पाणी?" मी म्हटलं. "मी असते तर तिसऱ्या दिवशी भांडले असते."

"चौथ्या वर्षी मला गवत मिळालं," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. बढती मिळाल्याचं सांगावं तसंच सांगितलं.

पुढे ते दिग्दर्शक झाले. त्यांचा पहिला गाजलेला गेम एका बेटावरच्या पोस्टमनचा होता. त्यात ना तलवार, ना बंदूक. पत्रं पोचवायची आणि उत्तर येईपर्यंत त्या माणसाच्या ओट्यावर बसून राहायचं. हे कोण खेळणार म्हणून कंपनीनं कपाळाला हात लावला होता, पण जगभर खेळला गेला तो. त्यानंतरचे दोन गेम मात्र साफ पडले. मग कंपनीनं त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं.

"छान की!" मी नेहमीप्रमाणे मधेच बोलले.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि सांगितलं, की त्यांच्याकडे नको झालेल्या माणसाला काढून टाकत नाहीत, खिडकीजवळ बसवतात. पगार चालू, काम नाही. दिवसभर बाहेर बघायचं. त्या टेबलावर ते दोन वर्षं बसले आणि मग राजीनामा देऊन अमेरिकेत आले, एक गेम मनात होता तो करायला. "हा माझा शेवटचा," ते म्हणाले. "हा पुरा माझ्या हातून व्हायला हवा. मग थांबलो तरी चालेल."

त्या गेममध्ये नदीवर नाव चालवणाऱ्या म्हाताऱ्याची मुलगी पुष्कळ वर्षांनी घरी निघते. सगळा प्रवास संपतो आणि शेवटी ती नदीच्या धक्क्यावर येऊन उभी राहते. नाव पलीकडच्या काठावर असते. ती येईपर्यंत सात मिनिटं. खरी, घड्याळातली सात मिनिटं. त्यात काही घडत नाही. उन्हं कलतात, पाण्याचा आवाज बदलतो, बस. मग लांब नावेचा ठिपका दिसतो.

त्या पाण्यासाठी त्यांनी माझं डोकं खाल्लं. मराठीत पाणी कसं कसं वाजतं? मी सांगत गेले. खळखळ, झुळझुळ, डुबुक, चुळूकचुळूक. ते वहीत लिहून घ्यायचे. त्यांच्याकडे झऱ्याच्या आवाजाला 'सारासारा' म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे साप सरसर जातो. ते इतके हसले की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

एका शनिवारी मी आणि मुलगी त्यांना एडमंड्सच्या धक्क्यावर घेऊन गेलो. तिथून मोटारी घेऊन मोठी फेरीबोट पलीकडे जाते. बोट आली, माणसं चढली, आणि कांतोकु बाकावरून उठेचनात. "वाय आर वी नॉट गोइंग?" मुलगी मला कोपरानं ढोसत होती. ती बोट सुटली. मग पुढची येईपर्यंत आम्ही तिघं गार वाऱ्यात बसलो. मी तीनदा उठले, दोनदा फोन बघितला, कॉफी आणली. पोरगी आधी कुरकुरली आणि मग त्यांच्यासारखीच मांडीवर हात ठेवून गप्प बसली. परत येताना गाडीत म्हणाली, "ही इज गुड ॲट वेटिंग. यू आर टेरिबल, आई."

आता 'बरं'बद्दल सांगायला हवं. आईशी मी फोनवर बोलते तेव्हा माझ्या तोंडी दुसरा शब्द नसतो. एकदा फोन ठेवल्यावर कांतोकुंनी विचारलं, "तुम्ही आत्ता अकरा वेळा 'बारा' म्हणालात. ते काय?" मोजले होते त्यांनी! मी समजावायला बसले. बरं म्हणजे ठीक. बरं म्हणजे ऐकतेय, पुढे बोल. बरं म्हणजे पुरे कर आता. बरं म्हणजे तुझं म्हणणं कळलं, पटलं असं नाही. बरं म्हणजे कर तुला हवं ते, नंतर माझ्याकडे येऊ नकोस. आईच्या 'बरं'ला मी आजही घाबरते, असंही सांगितलं. त्यांना भारी गंमत वाटली. आमच्या 'हाय'चंही तसंच आहे, म्हणाले. मग मी काही सांगितलं की ते मुद्दाम "बारा" म्हणायचे, आणि मी त्यांना "र वर अनुस्वार, र वर" करून दुरुस्त करायचे.

इथवर सगळं छान होतं. मग गेम खेळून बघणारी माणसं आली. नव्या गेमचे असे प्रयोग होतात. बाहेरची माणसं बोलावतात, खेळायला बसवतात आणि काचेमागून बघतात. धक्क्यावर दुसऱ्या मिनिटाला बहुतेकांनी कंट्रोलर खाली ठेवले आणि फोन काढले. एकानं गेम अडकलाय समजून मशीन बंद केलं.

आमची स्टुडिओप्रमुख उंच, भरभर बोलणारी, मनानं चांगली बाई होती. तिला एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे शांतता. मीटिंगमध्ये तीन सेकंद कुणी बोललं नाही की तिला वाटायचं इंटरनेट गेलं. तिनं सांगितलं, तिथे स्किपचं बटण द्या. ज्याला थांबायचंय तो थांबेल, ज्याला नाही तो बटण दाबून पुढे जाईल. "त्यांना सांग, इट्स जस्ट ॲन ऑप्शन."

मी सांगितलं. कांतोकु म्हणाले, "बटण दिलं की वाट बघणं उरत नाही. बटण न दाबणं उरतं."

हे मी इंग्रजीत नीट सांगितलं होतं, आजही छातीठोकपणे सांगते. तिला ते सुंदर वाटलं. बटण तरीही हवंच होतं. हे रणकंदन दोन महिने चाललं, आणि दोन्ही बाजूंची वाक्यं माझ्याच तोंडून जात होती. घरी येऊन मी कुकरवर चिडायचे.

त्याच दिवसांत नवऱ्याची नोकरी गेली. तो मूळचा नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. एका सकाळी लॉगिन चालेना, दुपारी ईमेल आली. त्याला माझ्या व्हिसावर घेतलं. ग्रीन कार्डची फाइल माझ्या नोकरीवर अडकलेली. म्हणजे मुलीची शाळा, घर, आमचं इथे असणं, सगळं माझ्या एका नोकरीला टांगलेलं. स्टुडिओतही माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. तेव्हा मी सकाळी पार्किंगमध्ये गाडीतच दोन मिनिटं बसून राहायचे. आधी फोनवर लॉगिन होतंय का बघायचं, मग आत जायचं.

असाच एक शुक्रवार. प्रमुखबाईनं कांतोकुंना छोट्या खोलीत बोलावलं. आम्ही तिघंच. तिनं कागदावर लिहून आणलं होतं. म्हणाली, तुमच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, पण गेम वेळेत संपायला हवा. शेवटचं काम आमचा डिझायनर करील. तुम्ही क्रिएटिव्ह ॲडव्हायझर व्हा. स्किपचं बटण येईल. तुम्हाला हे मान्य आहे का?

मी जपानीत सांगितलं. शब्द न शब्द.

कांतोकुंनी दोन्ही तळहात मांडीवर ठेवले. बाहेर हिरवळीवर ती मठ्ठ कॅनडा बदकं चालत होती, तिकडे बघितलं. दहा सेकंद गेली असतील. पंधराही. प्रमुखबाई त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली, भुवया वर. मग ते म्हणाले, "वाकारिमाशिता."

शब्दशः अर्थ, समजलं. एवढं म्हणून ते थांबले, श्वास घ्यायला. माझ्या डोक्यातल्या त्या मधल्या थांब्यावर आलं, 'बरं'. आणि तोंडातून बाहेर पडलं, "ओके."

"ओह, थँक यू! थँक यू!" बाई उठलीच. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. कांतोकुंचं तोंड अर्धवट उघडं होतं. श्वास आत घेतलेला, वाक्य घशाशी आलेलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

मी लॅपटॉप मिटायला घेतला.

दोन सेकंदांत मला कळलं होतं काय झालं ते. कुणी म्हणेल भाषेची गफलत. छे! गफलत पहिली दोन सेकंद होती, पुढचं सगळं मी केलं. "वन मिनिट, त्यांचं बोलणं संपलं नाही," एवढंच म्हणायचं होतं. जन्मभर मी लोकांची बोलणी मधेच तोडली, आणि जिथे एकदा तोडायला हवं होतं तिथे मी लॅपटॉपची वायर गुंडाळत बसले. कारण डोक्यात लगेच हिशेब झाला होता. मी चुकले म्हटलं, तर पुढच्या यादीत कुणाचं नाव?

जेवायच्या आत सगळ्यांना ईमेल गेली. कांतोकुंनी मोठ्या मनानं हा बदल मान्य केला आहे. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर सांगू.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो कणीक मळत होता. "पण मग ते स्वतः काहून नाही बोलले?" तो म्हणाला. "थोडंफार इंग्रजी येतं ना त्यांना? सोड ना यार. तू मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम नाही केलं. पण आता सांगत नाहीये, ते तर मुद्दामच झालं ना?"

"आणि सांगितलं तर? तुझी नोकरी गेली की देश सोडायला साठच दिवस आहेत आपल्याकडे. पोरीला काय सांगशील?"

मी त्याच्यावर इतकी खेकसले की मुलगी खोलीतून बाहेर आली. मला राग त्याचा नव्हताच. माझ्या मनातलं त्यानं मोठ्यानं म्हटलं होतं, त्याचा होता.

रविवारी आईचा फोन. तिला गेम वगैरे काही समजत नाही, पण माझा आवाज समजतो. खोदून खोदून विचारल्यावर मी सांगितलं, आडून आडून.

"म्हणजे तुझ्यामुळे त्या माणसाचं काम गेलं?"

"काम नाही गं गेलं. पगार चालू आहे त्यांचा. नुसतं पद बदललं."

"तू सांगितलंस का, की चूक तुझी म्हणून?"

"आई, इथलं वेगळं असतं. तुला नाही कळायचं. व्हिसा, ग्रीन कार्ड…"

"बरं," आई म्हणाली.

सोमवारी मी पोचले तेव्हा कांतोकु माझ्या टेबलाशी उभे होते. हातात निळं प्लॅस्टिकचं फोल्डर. गुड मॉर्निंग झालं. ते तसेच उभे राहिले. मी कॉम्प्युटर चालू केला, ईमेल उघडल्या, बंद केल्या. "आज फार गडबड आहे," मी म्हटलं. ते "हाय" म्हणाले आणि आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग गेले. दहा वाजता सगळी टीम जमली. प्रमुखबाईनं फार छान भाषण केलं, टाळ्या झाल्या. कांतोकु फोल्डर छातीशी धरून कमरेत वाकले. मी त्या भाषणाचा अनुवाद करत होते. एक शब्द चुकवला नाही.

आणि मग बक्षीस! बाईनं त्यांना नवी खोली दिली. कोपऱ्यातली, स्टुडिओतली सगळ्यात चांगली, दोन बाजूंना मोठ्या खिडक्या, बाहेर उंचच उंच सूचिपर्णी झाडं. इथे कोपऱ्यातली खोली म्हणजे केवढा मान! तिनं स्वतः दार उघडून दाखवली. "लुक ॲट द विंडोज!" कांतोकुंनी खिडक्या बघितल्या. त्या खोलीत त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत होतं की तिनं त्यांना काय दिलं. त्यांनी मान लववली आणि आभार मानले. मी म्हटलं, "ही सेज थँक यू."

दोन आठवडे मी त्या खोलीकडे फिरकले नाही. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून डबा खायचे. त्यांना कुणी काही विचारायला जात नव्हतं, म्हणून दुभाष्याचीही गरज पडत नव्हती. मग एका दुपारी कळलं, ते जपानला परत चाललेत. कायमचे. तेव्हा गेले. दार लोटलं, ते खिडकीशी पाठमोरे बसले होते.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. शुक्रवारी तुमचं बोलणं पुरं झालं नव्हतं, मी मधेच ओके म्हटलं. मान्य असं तुम्ही म्हणालाच नव्हता. चूक माझी. मला त्याच क्षणी कळलं होतं आणि मी गप्प बसले. मला नोकरीची भीती वाटली. हे सगळं मी जपानीत सांगितलं आणि क्षमेचे जेवढे शब्द त्या भाषेत आहेत तेवढे सगळे वापरले. आहेत खूप.

ते म्हणाले, "ओके हा शब्द साऱ्या जगाला येतो. मलाही येतो."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, कोण चुकलं. तुमच्या यजमानांची नोकरी गेली होती. तुम्हीच सांगितलं होतं." ते थोडं थांबले. या वेळी मी थांबले. "चूक तुम्ही सांगितली असती तर चाललं असतं. स्वतः सांगणाऱ्याला कुणी फार बोलत नाही. म्हणून मी सोमवारपर्यंत वाट बघितली. सोमवारीही बघितली, तुमच्या टेबलाशी."

माझा बांध फुटला. ऑफिसात रडणाऱ्या बायकांचा मला राग येतो आणि तिथे मी शेंबूड पुसत उभी. त्यांनी खणातून ते निळं फोल्डर काढून माझ्या हातात दिलं. त्यांच्या हस्ताक्षरात तीन पानं होती. त्या दिवशी "समजलं"नंतरचं वाक्य "उत्तर सोमवारी देतो" असं होतं, आणि हे ते उत्तर. शनिवार-रविवार बसून लिहिलेलं. सात मिनिटांची चार करायला ते तयार होते. तिसऱ्या मिनिटाला पलीकडच्या काठावर दिवा लागेल, म्हणजे नाव येणार हे कळेल आणि लोक थांबतील. नदीचा, दिव्याचा, सगळा नकाशा काढला होता. बटण मात्र नको, एवढं एकच मागणं. ही पानं सोमवारी दहाच्या आत त्या बाईपुढे गेली असती तर? ती वाईट नव्हती हो. तिनं ऐकलं असतं, असं मला वाटतं. वाटत राहतं.

"आता याचा अनुवाद करायची गरज नाही," ते म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं, मला माफ करा.

"बरं," ते म्हणाले. र वरचा अनुस्वार अगदी बरोबर.

कुठलं बरं ते, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ते गेले. महिन्याभरात नवऱ्याला दुसरी नोकरी लागली, आणि स्टुडिओनं माणसं कमी केली त्यात माझं नाव नव्हतं. झालं ते असं आहे. फोल्डर माझ्या कपाटात आहे.

पुढच्या वर्षी गेम बाजारात आला. शेवट त्या डिझायनरनं केला होता, तो मी ऑफिसात मुद्दाम बघितला नव्हता. घरी मुलगी खेळायला बसली, मी शेजारी. तिनं चार दिवसांत सगळा प्रवास संपवला आणि नावाड्याची मुलगी धक्क्यावर येऊन उभी राहिली. पाणी दिसलं. खालच्या कोपऱ्यात अक्षरं आली, पुढे जायला बटण दाबा. मुलीचा अंगठा गेला.

"दाबू नकोस," मी म्हटलं. "इथे थांबायचं असतं."

ती थांबली. एडमंड्सला बसली होती तशी, हात मांडीवर ठेवून. मीही हललेच नाही. फोन बघितला नाही, उठले नाही. पाणी झुळझुळ वाजायला लागलं, मग जरा खळखळ. ते शब्द मीच दिलेले. म्हटलं, आता तरी सगळी सात मिनिटं बसायचं. आणि लगेचच पलीकडून नाव आली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पुरतं एक मिनिटही झालं नव्हतं.

"दॅट्स इट?" मुलगी म्हणाली. "यू सेड इट वॉज लाँग."

"सात मिनिटं होती," मी म्हटलं.

"मग हू कट इट?"

नदीवर नाव धक्क्याला लागत होती. मुलगी माझ्याकडे बघत उत्तराची वाट बघत होती. तिला वाट बघता येते. मी टीव्ही बंद केला, कपाटातून निळं फोल्डर आणलं, तिच्या मांडीवर ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली, "मी."